बेचाळिसाव्या वर्षी नवखा

कॅन्सस सिटीला मी भावाकडे गेले होते, बेसबॉलसाठी नव्हे. आठवडा मॉल, देऊळ आणि वहिनीच्या ‘अजून थोडं घ्या ना, ताई’ यातच संपला. एटीन्थ आणि व्हाइनच्या नाक्यावरचं निग्रो लीग्ज बेसबॉल म्युझियम, म्हणजे गोऱ्यांच्या संघांत जागा नव्हती तेव्हाच्या काळ्या खेळाडूंच्या लीगचं संग्रहालय, भाच्याने सुचवलं, तेही बाहेर पाऊस होता म्हणून.

आत शिरलं की समोर छोटंसं मैदानच दिसतं. ब्रॉन्झचे खेळाडू आपापल्या जागी उभे, मधल्या उंचवट्यावर चेंडू टाकणारा सॅचेल पेज, त्याच्यासमोर कॅचर जॉश गिब्सन. आणि आपल्या नि त्यांच्यामध्ये जाळी, कोंबड्यांच्या खुराड्याला असते तसली. सगळं प्रदर्शन पायाखाली घातल्याशिवाय मैदानात जाता येत नाही. माझे गुडघे कुरकुरत होते, मला मैदान आधी हवं होतं, आणि मी भाच्याला तसं मोठ्याने सांगितलंही. तो म्हणाला, ‘‘आत्या, काळ्या प्रेक्षकांना वेगळं बसवायला असलीच जाळी लावायचे.’’ मग मुकाट्याने चालू लागले.

पुढे दोन गृहस्थ पेजच्या वयाचे किस्से सांगून हसत होते. म्हणे १९६५ मध्ये कॅन्सस सिटी ॲथलेटिक्सच्या मालकाने एकोणसाठ वर्षांच्या पेजला पुन्हा मैदानात उतरवलं, बसायला झुलती खुर्ची आणि दिमतीला एक नर्स! किस्सा खरा आहे. पण त्याच संध्याकाळी पेजने बॉस्टनविरुद्ध तीन इनिंग, म्हणजे सामन्याचा तिसरा हिस्सा, टाकल्या आणि एकही धाव दिली नाही. त्याला मारता आलं ते बॉस्टनच्या एकट्या यास्ट्रझेम्स्कीला. ते दोघे इथवर पोचलेच नाहीत, खुर्चीपाशीच अडकले.

पेज म्हटलं की सगळे असे वयावरच का घसरतात? अलाबामातल्या मोबीलमध्ये १९०६ साली जन्मलेला हा माणूस विशीपासून काळ्यांच्या लीगमध्ये खेळत होता. बर्मिंगहॅम, पिट्सबर्ग, मग इथला मोनार्क्स संघ. मधेच बिस्मार्क गावचा संघ, मधेच डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये हुकूमशहा त्रुहियोच्या नावाने मिरवणारा संघ. जिथे पैसे मिळतील तिथे. मोनार्क्समध्ये त्याच्याबरोबर खेळलेल्या जॅकी रॉबिन्सनसाठी मेजर लीगचं, म्हणजे तोवर गोऱ्यांपुरत्याच असलेल्या सर्वोच्च लीगचं, दार १९४७ मध्ये उघडलं, पेजसाठी पुढच्या वर्षी. क्लीव्हलँडकडून पहिला सामना खेळला तेव्हा वय बेचाळीस. त्या मोसमात त्याच्या नावावर सहा विजय, एक पराभव, आणि संघाने वर्ल्ड सीरिज, म्हणजे अजिंक्यपदच, घेतलं. ‘सगळ्यात म्हातारा नवखा’ म्हणून कौतुक करतात. अहो, त्याला म्हातारं होईपर्यंत बाहेर उभं कुणी केलं होतं?

१९७१ मध्ये त्याला कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या सन्मान-दालनात, घेतानासुद्धा काळ्या लीगवाल्यांसाठी आधी वेगळं दालन ठरलं होतं, ओरड झाल्यावर बेत बदलला. आणि पेन्शनला दिवस कमी पडत होते म्हणून १९६८ मध्ये अटलांटा ब्रेव्ह्जने त्याला संघात घेतलं होतं. एवढा मोठा खेळाडू आणि पेन्शनसाठी दिवस मोजतोय, हे मला झुलत्या खुर्चीपेक्षा जास्त झोंबलं.

शेवटी मैदानावर पोचले. पेजच्या पुतळ्याचे हातपाय लांबच लांब. भाच्याने माझे फोटो काढले, एकही धड आला नाही.

पाऊस थांबल्यावर ट्रूस्ट रस्त्यावरच्या स्मशानभूमीत पेजची कबर पाहिली. तरुण राहण्याचे त्याचे सहा नियम दगडावर कोरलेत. पहिलाच नियम: तळलेलं मांस टाळा, त्याने रक्त खवळतं. भाचा तिथून मला थेट बार्बेक्यूच्या दुकानात घेऊन गेला. रांग दाराबाहेर, आत बसायला जागा नाही, आवाज तर विचारू नका. ताटात मांसाचा ढीग घेऊन तो म्हणाला, ‘‘हे भाजलेलं आहे, तळलेलं नाही.’’ तळलेले बटाटे तेवढे माझ्या ताटात होते, आणि मांसाचा नियम मला लागू नाही म्हणून मी ते सगळे संपवले.