आमची वाटचाल: काळ्या जमिनीतला गोबरगॅस

आम्ही विटांच्या घुमटाचे 'दीनबंधू' गोबरगॅस बांधतो. १९८४ मध्ये आलेल्या या नमुन्यात लोखंडी टाकी नाही, त्यामुळे गंजायचं काही उरत नाही. विदर्भात खरी अडचण काळ्या मातीची. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि घुमटावर दाब बदलत राहतो. आमच्या सुरुवातीच्या काही घुमटांना केसाएवढ्या चिरा गेल्या. पाणी अडवणारी चीरसुद्धा गॅस सोडते.

तेव्हापासून आम्ही खड्डा चहूकडून फूटभर जास्त खोदतो आणि काळी माती परत टाकत नाही. भराव मुरमाचा, सहा-सहा इंचांचे थर पाणी मारून चोपलेले. तो सगळीकडून सारखाच चढवायचा. एका अंगाला उंच झाला की घुमट तिकडून रेटला जातो. बांधकाम दिवाळीनंतर सुरू करून होळीच्या आत संपवतो. वैशाखात गिलाव्यावर मारायला पाणी मिळत नाही आणि नीट न भिजलेला गिलावा गॅस धरत नाही.

मापाबाबत आमचं मत पक्कं झालं आहे. आधी दोन घनमीटरचाच, म्हणजे रोज तेवढा गॅस देणारा, प्लांट द्यायचो. त्याला रोज ५० किलो शेण लागतं, म्हणजे चार-पाच जनावरं. ट्रॅक्टर आले, बैलजोड्या कमी झाल्या, आणि चरायला गेलेल्या गायीचं बरंच शेण रानातच पडतं. म्हणून आता सकाळी गोठ्यातलं शेण तोलून पाहतो. २५ किलो भरलं तर एक घनमीटर, मग गिऱ्हाईक कितीही मोठा मागो.

दोन घनमीटरच्या पहिल्या भरतीला सुमारे दोन टन शेण आणि तेवढंच पाणी लागतं. सुरुवातीचा गॅस पेटत नाही, तो सोडून द्यायचा. थंडीत गॅस कमी होतोच.

सर्वात जास्त तक्रारी कुटाराच्या, म्हणजे वैरणीच्या भुशाच्या. शेणासोबत गेलेलं कुटार वर तरंगून जाड साय धरतं आणि गॅस अडतो. म्हणून शेण-पाण्याचा काला करताना कुटार हातानं वेचायचं. गोठा फिनाईलनं धुतला तर ते पाणी आत जाऊ द्यायचं नाही, जिवाणू मरतात. शेगडी भकभक करत असेल तर पाइपात पाणी साचलेलं असतं. पाइपाला मीटरमागे एक सेंटिमीटर उतार देऊन सर्वात खालच्या जागी पाणी काढायची तोटी ठेवतो.

साय फोडायला टाकीत कोणीही उतरू नये. रिकामी दिसली तरी आत प्राणवायू नसतो, माणूस क्षणात कोसळतो आणि त्याला काढायला गेलेलाही. आम्ही हे काम बाहेरून, लांब बांबूनंच करतो.