गच्चीवरची वही : डिसेंबर २०२४ ते मार्च २०२५

मुलांना गच्चीवरून आकाश दाखवायला सुरुवात केली तेव्हा मोठी सहाची, धाकटा साडेचारचा. पहिली रात्र पार फसली. मैत्रिणीची दुर्बीण दोन दिवसांसाठी मागून आणली होती. तिचा शोधक, म्हणजे नेम धरायची छोटी दुर्बीण, मुख्य नळीशी जुळवण्यात माझी चाळीस मिनिटं गेली आणि गुरू सापडला तेव्हा धाकटा सतरंजीवर ढाराढूर. मोठीने डोळा लावला, धक्का दिला आणि म्हणाली, "दिसलं!" काय दिसलं? "काळं."

दुर्बीण परत केली. घरातली १० बाय ५० ची (दहापट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगांची) द्विनेत्री बाहेर काढली. तिच्यातही एक गोम निघाली. एवढ्या लहान मुलांचे डोळे इतके जवळजवळ असतात की दोन्ही नळ्या पूर्ण मिटल्या तरी त्यांना जुळत नाहीत. मग एका नळीला झाकण लावलं. एक डोळा मिटणं मात्र धाकट्याला जमेना. दोन्ही मिटायचा, नाहीतर एकही नाही. शेवटी माकडटोपी एका बाजूने खाली ओढली आणि काम झालं. कठड्यावर तांदळाची अर्ध्या किलोची पिशवी, तिच्यात रुतवलेली द्विनेत्री, टॉर्चला लाल पतंगाचा कागद. एवढाच सरंजाम. त्यावर गुरूचे चंद्र दिसले. मोठीने वहीत एका बाजूला तीन ठिपके काढले, दुसरीकडे एक. दोन दिवसांनी पाहिलं तर दोन-दोन. "एक पळाला!"

नियम एकच ठेवला. रात्रीला एक गोष्ट, पंधरा मिनिटं, आणि खाली आल्यावर चित्र. अंधाराला डोळे नीट सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, पण तेवढा वेळ यांना कोण थांबवणार? म्हणून ठळक, सोपंच घ्यायचं. पहिल्या महिन्यात मीच फार बोलत होते. मृगाच्या पोटातला बाण, तो मारणारा व्याध, सगळं एका दमात. धाकट्याला हरीण काही दिसलं नाही. "हा पतंग आहे, शेपटीवाला." बरं, पतंग. रंगांचा खेळ मात्र दोघांना आवडला. रोहिणी, मृगातला काक्षी तारा आणि मंगळ, तिघांत जास्त लाल कोण? मंगळ "गाजरासारखा", रोहिणी "चिकूच्या आतली".

२५ जानेवारीला साताऱ्याजवळ गावी गेलो. चंद्र पहाटेशिवाय उगवणार नव्हता. पुण्याच्या गच्चीवरून मोठीला कृत्तिकेतले चार तारे दिसायचे. गावी अंगणात तिने सात मोजले. चष्मा पुसपुसूनही माझे सहाच. सासूबाईंनी सप्तर्षींना काय म्हणतात ते सांगितलं, "ती बाज, आणि मागे तीन चोर." पण सप्तर्षी उगवून नीट वर येईपर्यंत मुलं जेवून झोपलीसुद्धा. राहिलं.

१ फेब्रुवारी, माघी गणेश जयंती. संध्याकाळी पश्चिमेला चंद्रकोर आणि शेजारी लखलखीत शुक्र. चवथीचा चंद्र बघायचा की नाही, यावर सासूबाई क्षणभर अडल्या. मग "ती भाद्रपदातली" असं स्वतःलाच सांगून वर आल्या आणि सगळ्यात जास्त वेळ त्यांनीच बघितलं. कोरीचा उरलेला गोल अंधुक दिसत होता. मोठीने विचारलं, तिकडे ऊन नाही तर दिसतो कसा? पृथ्वीवर पडलेलं ऊन परतून तिथे जातं, म्हणजे आपलं चांदणं चंद्रावर पडतं, असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिने चंद्रावर उभी राहून पृथ्वीकडे बघणारी बाई काढली. हातात टॉर्च, लाल कागदासह.

महिनाअखेरीस द्विनेत्रीतून शुक्रही बारीक कोर दिसू लागला. पूर्ण अंधार पडायच्या आत बघा. नंतर तो इतका डोळ्यांत जातो की आकार कळत नाही. पण सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय द्विनेत्री त्या बाजूला वळवायचीच नाही. आमच्याकडे ती तोवर कपाटात कुलपात असते.

आता या वहीतली मुख्य गोष्ट. संक्रांतीनंतर दोन-तीन दिवसांनी मोठीने पुनर्वसूचे दोन तारे आणि मंगळ काढले होते. तिघे जवळजवळ एका रांगेत, शाळेच्या प्रार्थनेला उभे असल्यासारखे. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा काढायला बसली, तर त्रिकोण झाला. तिने मागचं पान उलटलं, गच्चीत जाऊन परत पाहून आली आणि खोडरबर हातात घेतला. "आई, तेव्हा माझं चुकलं होतं." मी जवळजवळ हो म्हणणार होते. माझ्याही लक्षात यायला क्षण लागला. खोडरबर काढून घेतला आणि दोन्ही पानांवर तारखा टाकायला लावल्या. मग तीच पानं पुढेमागे करत बसली. "हे दोघे तिथेच आहेत. लाल हलला." बराच वेळ गप्प. "कुठे चाललाय?"

आता, मार्चमध्ये, मंगळ फिरून उलट्या दिशेने निघालाय, त्यामुळे उत्तर तिला वहीतच मिळेल. मेच्या १३ तारखेच्या आसपास पुण्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या वस्तूची सावली पायाखाली जाते. धाकट्याने त्यासाठी आतापासून लाटणं राखून ठेवलंय. पोळ्या कशावर लाटायच्या, ते बघू.