जुनापाणीला कधी नेणार?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. दर हिवाळ्यात विचारता, ‘एकट्याच जाता, आम्हाला कधी नेणार?’ आणि मी ऊन, काटे, रस्ता असलं काहीबाही पुढे करते. रस्ता चांगला आहे. नागपूरहून काटोल रोडला लागलं की फार वेळ लागत नाही.

तिथे तुम्हाला काही दिसणार नाही, हे एक. काळ्या दगडांची कडी, मधे मातीचा उंचवटा, भोवती गवत. अशी सुमारे ३०० शिळावर्तुळं, पण एकही फोटोत धड येत नाही. काही दगडांवर वाटीसारखे खळगे कोरलेत, तेही ऊन तिरपं असेल तरच उठून दिसतात. भर दुपारी हात फिरवून शोधावे लागतात. ‘एवढंच?’ हा शब्द मला तिथे ऐकायचा नाही. पहिल्या वेळी मी स्वतःच तो म्हटला होता.

पण हे कारण अर्धंच आहे.

त्याच पहिल्या वेळी, पावसाळा नुकताच संपला होता. एका वर्तुळाच्या कडेची माती वाहून गेली होती आणि तिथे तळहाताएवढं खापर उघडं पडलं होतं. बाहेरून तांबडं, काठ आणि आतली बाजू काळी, इतकी गुळगुळीत की बोट घसरावं. ओढणीनं पुसलं आणि पर्समध्ये टाकलं. त्याआधी इकडेतिकडे पाहून घेतलं होतं. म्हणजे कळत होतं.

घरी ते शोकेसमध्ये गेलं. येईल त्याला दाखवायचे. मग पुरातत्त्व शिकलेली एक मैत्रीण आली. हातात घेऊन एकच विचारलं, “कुठल्या वर्तुळातलं?”

मी म्हटलं, पलीकडच्या रांगेतलं.

“रांगा नाहीत गं तिथे.”

रागावली नाही ती. ही थडगी आहेत म्हणाली, लोहयुगातली, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली. जवळच माहुरझरीला माणसाबरोबर पुरलेले घोडे निघाले, तांब्याच्या साजासकट. सगळं जागच्या जागी होतं म्हणून कळलं, कुणाबरोबर काय पुरलं ते. मग माझं खापर तिनं चहाच्या कपाशेजारी ठेवलं आणि पुन्हा हातात घेतलं नाही.

तेव्हाची मी अजून भांडते. पुढच्या पावसात ते ओढ्यातच गेलं असतं! इंग्रज अधिकारी रिव्हेट-कार्नॅक साहेबानं तर इथली अख्खी थडगी उकरली, त्याचं काय? पण त्यानं १८७९ साली सगळं लिहून छापलं तरी. मी वर्तुळसुद्धा विसरले. तरी ओढ्याचा मुद्दा मला अजून खोडता आलेला नाही.

पुढच्या हिवाळ्यात परत ठेवायला गेले. रुमालात गुंडाळलेलं खापर घेऊन दुपारभर फिरले. तीन वर्तुळांपाशी वाटलं, हेच. कुठेतरी ठेवून मोकळी झाले असते, पण मग उद्या खोदणाऱ्याला ते खोटं सांगत बसलं असतं. परत घेऊन आले. म्युझियमला द्या, म्हणाल. काय सांगून देऊ?

आता ते किल्ल्यांच्या डब्यात आहे. त्यानंतर मी कितीदा गेले, पण त्या मातीला हात लावलेला नाही. तुम्हाला नेलं तर कुणीतरी खाली वाकेलच, कोण तेही मला माहीत आहे, आणि त्याला अडवायला माझ्याकडे तोंड नाही.

जानेवारीत बघू. पर्स मात्र गाडीतच ठेवायच्या.