सोनापूर

रविवार, 12 ऑक्टोबर 2025, रात्र

पाय सुजलेत. आज काउंटरवर चहा प्यायलाही उठता आलं नाही, कारण पगार 10 तारखेपर्यंत झालेले, त्यात रविवार म्हणजे कामगारांच्या कॅम्पची सुट्टी, आणि वर रुपया पडलेला. रुपया पडला की आमच्या मनी एक्स्चेंजबाहेर घरी पैसे पाठवणाऱ्यांची लाइन लागते हे मला इथे दुबईत येऊन कळलं, दिरहम डॉलरला बांधलेला, 3.67 ला एक डॉलर, तो हलत नाही, आपलाच घसरतो. 2014 ला मी आले तेव्हा एक दिरहम साडेसोळा रुपयांना होता, आता 24 ला टेकलाय. टीव्हीवर चिंता नि इथे लोक खूश!

आमची शाखा सोनापूरला. सरकारी नाव मुहैस्ना, पण बसवाल्यापासून सगळे सोनापूरच म्हणतात, म्हणजे सोन्याचं गाव. दुबईचे टॉवर बांधणारी, रस्ते झाडणारी, हॉटेलच्या चादरी धुणारी हजारो माणसं इथे राहतात, एका खोलीत सहा, आठ, कुठे जास्तच. पहाटे चारपासून बस भरून निघतात. मला नोकरी लागली तेव्हा आईला फोनवर सोनापूर सांगितलं तर ती गप्पच झाली. ती गिरगावातली, तिच्यासाठी सोनापूर म्हणजे मरीन लाइन्सचं स्मशान, "सोनापूरला पोचवलं" म्हणजे संपलंच. मी हसून सोडून दिलं. नंतर कळलं की इथून मायदेशी पाठवायच्या मृतदेहांचं, ते टिकावेत म्हणून, एम्बामिंग करतात ते केंद्रपण ह्याच मुहैस्नात आहे. ते आईला सांगितलं नाही.

दुपारी एक तेलंगणाचे चाचा आले, पन्नाशीचे असतील, नखांत सिमेंट बसलेलं. "मॅडम, पूरा बीस हजार जाना." अर्ध्याहून जास्त लोक असंच सांगतात, दिरहम किती ते नाही, घरी किती पोचणार तो गोल आकडा. मी उलटा हिशोब केला, फी धरली, फीवरचा 5 टक्के व्हॅट धरला, साडेतीन दिरहम कमी पडत होते. म्हटलं, चाचा, 19 हजार 900 करू? नाही म्हणाले. खिसे उलटे केले, 25 फिल्सची दोन नाणी निघाली. माझ्या पर्समध्ये होते की पैसे, पण मॅनेजर बघत होता आणि एकाला दिले की उद्या दहा जण, असं काहीतरी मनात म्हणून मी स्क्रीनकडेच बघत बसले. मागच्या पोराने पाचची नोट पुढे सरकवली. चाचांनी पावती काउंटरवर ठेवून हाताने सपाट केली, फोटो काढला, लगेच घरी पाठवला. इथे व्हॉट्सॲप कॉल लागत नाही ना, पण फोटो जातो.

त्याच पोराला नंतर स्वतःच्या पैशांत पाच कमी पडले का ते विचारायचंही राहिलं. लाइन इतकी होती.

संध्याकाळी तशीच दीर-जाऊबाईंना घेऊन बुर्ज खलिफा. ते पहिल्यांदाच आलेत, हौस आहे, त्यात त्यांची काय चूक. आम्ही चौघं, सूर्यास्ताची वेळ महाग असते, चाचांचे वीस हजार जवळजवळ तिथेच लिफ्टने वर गेले. वरून भावजी म्हणाले, वहिनी, मजा आहे बाबा तुमची. त्यांना शारजातला आमचा फ्लॅट अजून नीट दाखवलेला नाही, म्हणजे दाखवला पण मधल्या खोलीत दुसरं कुटुंब भाड्याने राहतं ते "मैत्रीण आलीये" म्हणून मारून नेलं.

फाउंटनपुढचा फोटो आईला पाठवला. बदलापूरच्या हप्त्याचे पैसे परवाच पाठवलेत, त्याचीपण पावती. मीही गोल आकडाच करते.

आत्ता तिचा मेसेज आला, "छान दिसतेस. ऑफिस ह्याच्या जवळच का गं?"

लिहिलं, हो, जवळच.