आमची वाटचाल : पैंजणात दिसलेला बनियन

आमच्या दुकानात काउंटरच्या मागे एक फोटो लावलाय. पांढऱ्या कागदावर चांदीचं पैंजण. जवळ जाऊन पाहिलंत तर पैंजणाच्या प्रत्येक गोल मण्यात एक बुटका माणूस दिसतो, बनियन घातलेला, कमरेवर हात ठेवून उभा. ते आमचे मामा, म्हणजे माझे सासरे. 2011 च्या दिवाळीनंतर काढलेला हा आमचा दागिन्याचा पहिला फोटो. आज आम्ही दागिन्यांच्या फोटोंचंच काम करतो, आणि असा फोटो गिऱ्हाइकाच्या हातात ठेवला तर तो जिना उतरायच्या आत दुसरा फोटोग्राफर शोधेल.

मुळात आमचं दुकान फ्रेमचं. कोल्हापुरात शाहूपुरीत, तळमजल्यावर, दहा बाय चौदाचा गाळा. आमच्या ह्यांना कागलच्या एमआयडीसीत नोकरी लागली तेव्हा दुकान बंद करण्यापेक्षा मी बसते म्हणाले. मोल्डिंग, म्हणजे फ्रेमची पट्टी, 45 अंशांत कापायला शिकले, काच कापताना बोट कापून घ्यायलाही शिकले. देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो असायचेच, पण जास्त काम गेलेल्या माणसांच्या फोटोंचं.

हे काम करणाऱ्यालाच कळतं की घराघरात माणसाचा एक धड फोटो नसतो. आजोबा गेले की कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो शोधायचा, त्यातून डोकं कापायचं आणि बारा बाय अठरा करून मागायचं. आठ बाय बारा इंचाचा फोटो नीट छापायचा तर इंचाला 300 च्या हिशेबानं 2400 बाय 3600 पिक्सेल लागतात. हल्ली व्हॉट्सअॅपवरून येतो तो बहुतेक वेळा 1600 पिक्सेलचा. म्हणजे सव्वापाच इंचांवर त्याचा जीव संपला. हे सुतकातल्या माणसाला कसं सांगणार? करून द्यायचे आम्ही, धुरकट तर धुरकट. पण दर वेळी वाटायचं, जिवंतपणी कुणीतरी ह्यांना खिडकीपाशी बसवून एक फोटो काढायला हवा होता. कॅमेरा घ्यायचं माझ्या डोक्यात तिथून आलं.

मामा हुपरीचे, चांदीच्या दागिन्यांचं गाव ते. पस्तीस वर्षं पैंजणांना डाग द्यायचं काम केलं. डाग देणं म्हणजे झाळून जोडणं. चष्म्याचा नंबर वाढला, बारीक कामात हात चुकायला लागला, तसं ते सोडून आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, घेऊन आमच्याकडे राहायला आले. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी रंकाळा. सासरा आणि सून, बोलणार काय? "चहा ठेवू का?" आणि "ठेव", एवढंच आमचं बोलणं. एकदा दुकानात मी कॅमेऱ्याचं माहितीपत्रक चाळत होते, तर म्हणाले, "माझ्याकडं क्लिक थ्री हुता." आग्फाचा तो डबडा कॅमेरा, 120 च्या रोलवर बारा फोटो निघायचे. बारातला एकही वाया घालवायचा नाही म्हणून मामा म्हणे आधी रिकाम्या कॅमेऱ्यातून आठ दिवस बघत बसायचे. हे सांगताना ते सलग दहा मिनिटं बोलले. मला लग्न होऊन तेव्हा सात वर्षं झाली होती.

निकॉन डी 3100 घेतला, 18-55 लेन्ससकट. ह्यांनी हिशेब काढला की तेवढ्या पैशात फ्रेम ठोकायचं मशीन आलं असतं. बरोबरच होतं ते. क्लास लावला, रविवार सकाळचा, आणि मामा म्हणाले मीही येतो. वर्गात सगळी कॉलेजची पोरं, त्यात एक साडीवाली बाई आणि एक टोपीवाले आजोबा. पहिल्याच तासाला सगळ्यांची गाडी अडली ती अॅपर्चरच्या, म्हणजे लेन्समधून उजेड आत येतो त्या भोकाच्या, आकड्यांवर. आकडा लहान तर भोक मोठं, आकडा मोठा तर भोक लहान, हे उलटं कसं? सर फळ्यावर अपूर्णांक लिहायला लागले. मामा शांतपणे म्हणाले, "तारेच्या गेजसारखंच की. नंबर वाढला की तार बारीक." वर्गातल्या निम्म्या पोरांना गेज म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण मला दुकानातल्या तारेमुळे माहीत होतं. तेव्हापासून आमच्या घरात अॅपर्चरला गेजच म्हणतात. "गेज अकरा ठेव", असं.

पुढची दोन वर्षं निव्वळ हौस. रंकाळ्यावर संध्यामठ, कळंबा तलावावरचे बगळे, पन्हाळ्यावर धुक्यात काहीच न आलेले दोनशे फोटो. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे, बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात स्वतः सिनेमाचा कॅमेरा बनवला त्याची आठवण म्हणून. आयुष्यभर तिथून जाता-येता मी वर बघितलं नव्हतं. मामांनी मला तिथं उभं करून त्या कॅमेऱ्याचा फोटो काढायला लावला. मागे विजेच्या तारा आल्या, तो भाग वेगळा.

चुकाही दोघांनी मिळूनच केल्या. स्वस्तात मिळतेय म्हणून 50 एमएमची जुनी डी लेन्स आणली आणि घरी येऊन बघतो तर ती आपोआप फोकसच करेना. त्या लेन्सला मोटर कॅमेऱ्याच्या बॉडीत लागते आणि आमच्या बॉडीत ती नव्हती. परत करायची सोय नव्हती, म्हणून हातानं फोकस करायला शिकलो. दुसरी चूक जोतिबाच्या चैत्र यात्रेतली. सासनकाठ्या नाचत होत्या, गुलालाचा ढग उठला होता, आणि मला नेमकी तेव्हाच लेन्स बदलायची बुद्धी झाली. घरी येऊन फोटो पाहिले तर प्रत्येक आकाशात काळपट ठिपके. गेज सोळावर तर मोजता यायचे. गुलाल कॅमेऱ्याच्या आत, फोटो टिपणाऱ्या सेन्सरवर जाऊन बसला होता. साफ करून आणायला जे पैसे गेले ते मी ह्यांना आजतागायत खरे सांगितलेले नाहीत. इथं वाचतील.

चांदीकडे वळलो ते मामांच्या एका पुतण्यामुळे. हुपरीत त्याचा छोटा कारखाना, माल बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना जायचा. व्यापारी आता नमुना पाठवू नका, फोटो पाठवा म्हणायला लागले होते. "काका, तुमच्याकडं कॅमेरा हाय न्हवं?" आणि मग तो बनियनवाला फोटो आठवला, दोन वर्षांपूर्वी हौसेनं काढलेला. आता पैसे घेऊन काढायचं होतं.

चांदीचा फोटो काढता येत नाही, चांदीत जे दिसतं त्याचा फोटो निघतो. हे एक वाक्य कळायला आम्हाला चार महिने लागले. फ्लॅश मारला की मण्यावर पांढरा ठिपका आणि बाकी काळं. ट्यूबलाइट लावली की प्रत्येक मण्यात ट्यूबलाइट. मग चारी बाजूंनी ट्रेसिंग पेपरचा तंबू केला, फ्रेमच्या मोल्डिंगचा सांगाडा आणि लेन्सपुरतं भोक. बनियन गेला, पण आता पैंजण खडूचं वाटायला लागलं. सगळीकडून पांढरंच दिसतंय तर धातूला कड कुठून येणार? मामा बराच वेळ बघत होते. मग उठून दुकानातला काळा माउंट, म्हणजे फ्रेममध्ये घालतो तो पुठ्ठा, घेतला, बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापल्या आणि तंबूच्या आत दोन बाजूंना उभ्या केल्या. एकदम प्रत्येक मण्याला काळी किनार आली, मणी गोल दिसायला लागला. मी विचारलं, तुम्हाला कसं सुचलं? म्हणाले, भट्टीपाशी बसलं की एका अंगाला उजेड आणि एका अंगाला अंधार असतो, चांदी तशीच बघायची सवय आहे.

कॅमेऱ्याशीही भांडण व्हायचं. पांढऱ्या कागदावरची चांदी कायम करडी यायची. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर समोरचं सगळं मध्यम करडं आहे असंच धरून चालतं. पांढरं दिसलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि ते फोटो काळवंडवतं. "मशीनला पांढरं बघवत न्हाई", मामांचं निदान. म्हणून कॅमेऱ्यात उजेडाचा आकडा मुद्दाम अधिक एक, कधी सव्वा ठेवायचा. पण इतकंही नाही की चकाकीतलं काम उडून जाईल. स्क्रीनवर जास्त उजेडाचा भाग लुकलुकतो, तो बघत बघत एकेक पायरी. दागिन्याला हात लावायचा तो सुती हातमोजे घालूनच, आणि त्याआधी रिठ्याच्या पाण्यात ब्रशनं धुवायचा, कारण डोळ्यांना न दिसणारा बोटाचा ठसा मोठ्या फोटोत डोंगराएवढा दिसतो. गेज अकरा, शटर सेकंदाचा चौथा भाग उघडं, तिवई, टायमर. आणि ती आपोआप फोकस न करणारी लेन्स, अगदी जवळून फोटो निघावा म्हणून मागे स्वस्तातली रिंग लावून. हातानं फोकस करायची सवय झाली होती ती इथं कामाला आली.

2014 मध्ये नगाला 40 रुपये घ्यायला लागलो. पहिल्या वर्षी बिल काय असतं तेच माहीत नव्हतं, वहीचं पान फाडून द्यायचे. एका गिऱ्हाइकानं 240 नगांचे फोटो घेतले आणि पैसे आज देतो उद्या देतो करत फोन उचलणं बंद केलं. तेव्हापासून अर्धे पैसे आधी, ओळखीचा असो वा नात्यातला. पुतण्यानंही दिले. मधे लग्नाच्या ऑर्डरीही घेऊन पाहिल्या. तीन केल्या आणि सोडल्या. रात्री दोनपर्यंत उभं राहणं मामांना झेपेना आणि वरमाईंशी हुज्जत घालणं मला.

ऑगस्ट 2019 च्या पुरात गाळ्यात छातीभर पाणी होतं. मोल्डिंग फुगलं, माउंट लगदा झाले. कॅमेरा आदल्या रात्री ह्यांनी घरी आणला होता, पण हार्ड डिस्क टेबलाच्या खालच्या खणात राहिली. पाच वर्षांचं काम त्यात. पाणी उतरल्यावर खण उघडला तर आत चिखल आणि त्यात डिस्क. व्यापाऱ्यांना पाठवलेले लहान फोटो परत मागवून मिळाले, मूळ रॉ फाइली गेल्या त्या गेल्याच. पन्हाळ्याचं ते धुकंही गेलं, त्याचं वाईट वाटलं हे सांगून पटणार नाही. आता प्रत्येक कामाच्या तीन प्रती असतात. एक दुकानात, एक घरी तिसऱ्या मजल्यावर, एक ऑनलाइन. दुकानही पहिल्या मजल्यावर नेलं. भाडं जास्त आहे, पण पावसाळ्यात झोप लागते.

त्यानंतर वर्षभरात लॉकडाउन. दुकानं बंद, पण दुकानदारांचे व्हॉट्सअॅपवरचे कॅटलॉग उघडे. ज्यांनी कधी फोटोला पैसे मोजले नव्हते ते फोन करायला लागले. चांदीबरोबर कोल्हापुरी साज, ठुशी, नथ, मग चपला, मग गुळाची पाकिटं. चप्पल फार सोपी वाटते चांदीनंतर. चामडं बिचारं आपला उजेड आपल्यापाशी ठेवतं. उद्यम नोंदणी केली, दोन मुली कामाला ठेवल्या. फ्रेमचं काम अजून करतो, फक्त आता कुणी वयस्कर माणूस दुकानात आला की मी त्यांना खिडकीपाशी बसवून एक फोटो काढून ठेवते. त्याचे पैसे घेत नाही.

एका गोष्टीवर मात्र मामांचं आणि कामावरच्या मुलींचं जमत नाही. फोटो मोठा केला की कुठे डाग जाड बसलाय, कुठे कडी वाकडी आहे, सगळं दिसतं. मुली ते संगणकावर पुसायला निघतात. मामा पुसू देत नाहीत. धूळ पुसा, केस पुसा, डाग पुसायचा नाही. "पायात घातल्यावर बाई बघणारच हाय की." कारखानदाराला ते सरळ फोन करतात, नग परत पाठवतात, दुसरा मागवतात. दोन गिऱ्हाइकं ह्यावरून तुटली. त्यातलं एक परत आलं, एक नाही.

मामा आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत. हात थरथरतो, म्हणून कॅमेरा तिवईवरच. चैत्री पौर्णिमा आली की आमचा जोतिबाला जायचा बेत ठरलेला. ह्या वेळी मी कॅमेऱ्याला घालायला प्लॅस्टिकची पिशवी शिवून घेतलीये, लेन्सपुरतं भोक ठेवून. मामांनी ती उलटसुलट करून पाहिली, पसंत केली, आणि म्हणाले, "ते ठीक हाय. पण लेन्स घरातनंच लावून निघायची."