तुम्ही विचारलंत म्हणून: दिवसभर लॅब, रविवारी चर्च, मग खरं काय मानता?

"ताई, एवढं सायन्स शिकलात आणि देवानं सहा दिवसात जग केलं हे खरंच मानता का ओ?" लॅबमध्ये नवीन लागलेली पोरं हे हमखास विचारतात. चर्चमध्ये प्रश्न उलट्या बाजूनं येतो, तुम्ही डार्विन मानता म्हणे, मग बायबलचं काय? म्हणजे दोन्हीकडं मी संशयितच. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते, पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच वाचायला देईन.

मी सोलापुरात पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. घर आजीच्या आधीपासून ख्रिस्ती, अमेरिकन मराठी मिशन ह्या मिशनऱ्यांच्या संस्थेच्या काळातलं.

सहा दिवसांचं आधी उरकते, कारण त्यात मला फार काही अडत नाही. बायबलमधल्या 'उत्पत्ती' पुस्तकाचा पहिला अध्याय काढून बघा, उजेड पहिल्या दिवशी आणि सूर्य चौथ्या दिवशी. त्याच अध्यायात झाडं आधी, जनावरं नंतर आणि माणूस सगळ्यात शेवटी, आणि लगेच दुसऱ्या अध्यायात माणूस आधी आणि बाग नंतर. ज्यानं हे दोन अध्याय शेजारी ठेवले त्याला हे दिसलं नसेल असं कसं म्हणायचं, दिसलंच असणार, पण तो काही रिपोर्ट लिहायला बसला नव्हता. सतराव्या शतकात आयर्लंडच्या अशर नावाच्या बिशपनं बायबलमधल्या वंशावळ्यांची बेरीज करून जग इ.स.पू. ४००४ मध्ये झालं असा हिशोब काढला, आणि आपल्याकडं अजून काही लोक तोच धरून बसलेत. अहो, सोलापूरच्या आसपास कुठंही विहीर खणा, काळा दगड लागतो, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. आता देवानं दगडात खोटी तारीख लिहून ठेवली म्हणायचं का? मला तर तसं म्हणणं हीच देवाची निंदा वाटते. आणि हे काही माझं नवीन डोकं नाही, सोळाशे वर्षांपूर्वी संत ऑगस्टिननं लिहून ठेवलंय की आकाश-ताऱ्यांबद्दल ख्रिस्ती माणसानं बायबलच्या नावावर वाट्टेल ते बोलून बाहेरच्यांपुढं हसं करून घेऊ नये.

उत्क्रांती मानता का, असं विचारतात. मी ती प्लेटवर बघते हो. लघवीचं कल्चर लावलं, म्हणजे त्यातले जंतू प्लेटवर वाढवले, आणि ई-कोलाय नावाचा जंतू उगवला, की त्याच्यावर अँटिबायोटिकच्या छोट्या गोल चकत्या ठेवून प्लेट रात्रभर इन्क्युबेटरमध्ये ठेवायची. सकाळी काढली की जिथं औषध लागू पडतं तिथं चकतीभोवती स्वच्छ रिंगण दिसतं, आणि जिथं पडत नाही तिथं जंतू चकतीला चिकटून मजेत वाढलेले असतात. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या चकतीभोवती तर कितीदा काहीच रिंगण नसतं. औषधानं मरणारे मेले, तगणारे तगले आणि त्यांचीच पिल्लावळ वाढली, निवड म्हणतात ती हीच. रिपोर्टवर रेझिस्टंट, म्हणजे औषधाला दाद न देणारा, असं लिहायचं आणि रविवारी ते नाकारायचं, हे मला जमणार नाही.

आता काही शहाणी माणसं म्हणतात की सायन्स 'कसं' ते सांगतं, धर्म 'का' ते सांगतो, दोघांची दुकानं वेगळी, विषय संपला. ऐकायला छान आहे पण मला पटत नाही, कारण आमच्या धर्माचा मुख्य दावाच मुळात 'काय घडलं' ह्याचा आहे. मेलेला येशू उठला. बायबलमधली पत्रं लिहिणारा प्रेषित पौल तर सरळ लिहितो की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ. मेलेला माणूस उठत नाही हे कळायला मायक्रोस्कोप लागत नाही, येशूचा शिष्य थोमा, त्यालाही ते ठाऊक होतं म्हणूनच तो जखमेत बोट घातल्याशिवाय मानत नाही म्हणाला. म्हणजे अडायचंच असेल तर इथं अडा, डार्विनपाशी काय अडता! मी हे मानते ते साक्षीवर, आणि त्या साक्षीवर आयुष्य काढलेली माणसं घरात बघितली म्हणून. टेस्ट लावून सिद्ध करता येत नाही आणि मी करायलाही जात नाही.

ह्या बाबतीत मला बेल्जियमचे लमेत्र फार आवडतात. विश्व पसरतंय हे १९२७ मध्ये गणितानं मांडणारा हा माणूस कॅथलिक फादर होता, बिग बँगची कल्पना मूळची त्यांचीच. १९५१ मध्ये पोप पायस बारावे भाषणात म्हणाले की बघा, विज्ञानानंच उत्पत्तीला दुजोरा दिला, तर लमेत्र खूश व्हायच्या ऐवजी नाराज झाले, माझ्या थिअरीला धर्मात ओढू नका म्हणून.

पण खरं सांगू का, सोलापुरात भांडण ह्यावर होतच नाही. होतं ते चंगाई सभेवर, म्हणजे प्रार्थनेनं आजार बरे करायच्या सभेवर. मागं एक ओळखीचे काका आले, सभेत प्रार्थना झाली म्हणून दोन महिने शुगरच्या गोळ्या बंद, वर टेस्टच्या आधी दोन दिवस उपास-प्रार्थना. उपाशीपोटीची शुगर आली ११८, दिसायला बरीच ठीक. काका म्हणाले, बघ बाळा, बरा झालो अशी रविवारी चर्चमध्ये साक्ष देणार. मी म्हटलं, थांबा की काका, एचबीए१सी येऊ दे. ती आली १०.२, म्हणजे खूपच जास्त. मग त्यांना बसवून सांगितलं की रक्तातली साखर हिमोग्लोबिनला चिकटते, लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, त्यामुळं ह्या आकड्यात मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब असतो, दोन दिवस न जेवून तो बदलत नाही. काका म्हणाले, म्हणजे तुझा विश्वास नाही. मी म्हटलं शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता, पौलाच्या पत्रात लिहिलंय, आणि आपलीच माणसं पिढ्यानपिढ्या मिरजेला वॉनलेसच्या दवाखान्यात जात आली ती काय अविश्वासानं? १८९४ चा दवाखाना तो, मिशनरी डॉक्टरनं उभा केलेला, तिथं प्रार्थना पण व्हायची आणि चाकू पण चालायचा. काका गप्प बसले, रिपोर्ट घेऊन डॉक्टरकडं गेले, नाखुशीनंच.

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना मी हे सांगितलं तेव्हापासून ते आजाऱ्यांसाठी प्रार्थना झाली की आमेनच्या आधी "आणि गोळ्या बंद करू नका" असं म्हणतात. मंडळीतल्या काही जणांना ते आवडत नाही, आणि हे कुणी शिकवलं तेही त्यांना ठाऊक आहे.