बिडाची कढई गटारीपर्यंत पोचली

मागच्या वेळी लिहिलं तेव्हा कुडाळची जुनी बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, कढई नुसती माळ्यावरून खाली आली होती. आतून तांबूस गंज, बाहेरून चुलीच्या काजळीचा टणक थर, आणि एका कानाला कुणी कधी बांधलेलं सुंभ. आता ती तळणाला लागली आहे. श्रावण लागायच्या आत तिच्यात कोंबडीबरोबरचे वडे तळणार, असं मी घरात जाहीर करून बसलो होतो, त्यामुळे या शनिवार-रविवारी कढई, दिवे, दळण, धुणं सगळं एकमेकांच्या अंगावर आलं. जमेल तसं क्रमाने लिहितो.

गंज काढायला बसण्याआधी आवाज ऐका. कढई कानाला धरून उचलायची आणि लाकडी डावाने कडेकडेने टकटक करायची. खणखणीत वाजली तर बीड शाबूत, बद्द वाजली तर कुठेतरी तडा आहे. बिडात कार्बन साधारण दोन ते चार टक्के असतो, त्यामुळे ते कडक पण ठिसूळ. पोळ्यांचा लोखंडी तवा हातातून पडला तर फार तर पोचा येईल, बिडाचा पडला तर थेट तुकडे. तडा गेलेल्या भांड्यावर मेहनत घेऊ नका, भले ते पणजीच्या हातचं असो. आणि जुन्या बाजारातून उचललेलं भांडं असेल तर त्यात आधी कुणी शिसंबिसं वितळवलं असेल का, हा प्रश्न विचारल्याशिवाय ते स्वयंपाकघरात आणू नका. घरचं असलं की ही एक काळजी मिटते.

गंजाला किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर आणि पाणी, समसमान. कढई मोठी असल्याने बादलीत मावेना, म्हणून तिच्यातच काठोकाठ मिश्रण भरलं. दर अर्ध्या तासाने ओतून, काथ्याने घासून बघायचं. रात्रभर भिजत घालून झोपायचं नाही. गंज संपला की आम्ल खालच्या लोखंडाला लागतं आणि गुळगुळीत झालेला तळ खरखरीत करून ठेवतं. जुन्या कढईची सगळी किंमत त्या तळातच आहे. वाळूच्या साच्यातून निघालेली नवी कढई हाताला दाणेदार लागते. आमच्या कढईचा तळ इतक्या वर्षांच्या झाऱ्या-उलथण्यांनी घासून असा झालाय की तिथे बोट अडकत नाही. तो आम्लात घालवायचा म्हणजे शुद्ध करंटेपणा.

बाहेरच्या काजळीला मी हात लावलेला नाही. खरवडून काढणारे काढतात, हौस त्यांची. ती सुटून पडत नाही, अन्नाला लागत नाही, मग राहू दे की. मी बाहेरून घासतोय असं वाटून आई दारात येऊन उभी राहिली. "कित्याक एवढां घासतस? बिडां आसा तां, चांदी न्हय." तिला म्हटलं, आतूनच घासतोय. त्यावर ती नुसतीच हसली.

व्हिनेगरनंतर खायच्या सोड्याचं पाणी, मग साधं पाणी, मग लगेच गॅसवर. पावसाळ्यात हे "लगेच" अगदी शब्दशः घ्या. डोंबिवलीत आत्ता हवा अशी आहे की मीठ डब्यात पाणी धरतंय. कढई पंच्याने कोरडी केली, तेवढ्यात बेल वाजली, कुरियरवाल्याला ओटीपी सांगून परत आलो तर तळाला नारिंगी झाक आलेली! पुन्हा काथ्या, पुन्हा पाणी. उघड्या बिडाला पंचा पुरत नाही, आच लागते.

आता तेल. भांडं मुरवायचं (सीझनिंग) म्हणजे तापवून त्यावर तेलाचा लेप बसवायचा, आणि त्याला तेल कोणतं हा बिडाच्या नादी लागलेल्या आपल्या मंडळींचा कायमचा भांडणाचा विषय. जवसाच्या तेलाचं खूळ अजून ओसरलेलं दिसत नाही. त्यामागचं गणित चुकीचं नाही. तेल जितकं असंतृप्त, तितके त्याचे रेणू उष्णतेत एकमेकांत गुंफले जातात आणि तेलाचा कोरडा, टणक लेप होतो. जवस यात सगळ्यांच्या पुढे, म्हणून तर ते रंगात आणि वार्निशात वापरतात. पण तो लेप जितका टणक तितकाच ठिसूळ. घावण्यांच्या तव्यावर एकवेळ टिकेल, कढईत मात्र झारा सारखा आपटत असतो आणि तिथे पापुद्रे सुटतात. मी साधं रिफाइंड शेंगदाणा तेल वापरलं. ते साधारण २३० अंशांच्या आसपास धुरावतं आणि घरात असतंच. लाकडी घाण्याचं तेल खायला कितीही गोड लागो, या कामाला नको. ते फार लवकर धुरावतं आणि त्यातला गाळ करपून बसतो.

तेलाच्या प्रकारापेक्षा तेलाच्या जाडीवर सगळं अवलंबून आहे, असं माझं पक्कं मत झालंय. कढई हाताला चटका बसेल इतकी तापवायची, तेलाचं बोट फिरवायचं, आणि मग धुतलेल्या जुन्या मलमलीने ते असं पुसून काढायचं की कापडावर डाग जेमतेम उमटेल. भांडं तेलकट नको, नुसतं काळपट ओलसर दिसायला हवं. बनियनचा तुकडा घेऊ नका, त्याची लव सुटते आणि लेपात अडकून बसते. मग मोठ्या बर्नरवर, धूर येऊन तो थांबेपर्यंत. ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) असलेल्यांचं काम सोपं, पण आमच्या ओटीजीत ही कढई कान कापल्याशिवाय शिरणार नाही. गॅसवर करताना ती फिरवत राहावी लागते. बीड उष्णता धरून ठेवतं खरं, पण पसरवताना फार आळशी. ॲल्युमिनिअमच्या मानाने त्याची उष्णतावाहकता पाव भागाच्याही आत आहे. त्यामुळे मधे काळं कुळकुळीत आणि कडेला करडं, असं होतं. सांडशीने धरून कडा आचेवर कलत्या धरायच्या, दुसरा उपाय नाही. मनगटं भरून येतात.

धुराबद्दल आधी कुणी बोललं नव्हतं, म्हणून मी बोलतो. बाहेर तिरका पाऊस, खिडकी उघडली की ओट्यावर पाणी, बंद केली की घरात धूर. एक्झॉस्ट फॅन त्याच्या परीने घरघरत होता. आणि हॉलमध्ये पंख्याखाली, दोरीवर, दोन दिवस न वाळलेलं धुणं. दमट कपडा वास किती पटकन पितो ते मला त्या संध्याकाळी कळलं. लेकीचा सोमवारचा युनिफॉर्म नाकाला लावून बायको म्हणाली, "अरे, ही परवा शाळेत गेली की कॅन्टीन उघडलं म्हणून मुलं गोळा होतील." तो पुन्हा धुवावा लागला. पुन्हा वाळत घालावा लागला. इस्त्रीने वाळवला, असं म्हणणं जास्त खरं. जुलै-ऑगस्टात हे काम काढणार असाल तर आधी दोरी रिकामी करा, मग गॅस पेटवा.

कढईच्या नादात तव्याचं राहिलं. घावण्यांचा माझा बिडाचा तवा, ज्याच्यावर कांद्याच्या अर्ध्या फोडीने तेल फिरवलं की घावणा आपसूक कडा सोडायचा, तो शुक्रवारी सिंकमध्ये राहिला होता. भांडीवाल्या मावशींनी तो तारेच्या घासणीने मन लावून घासला आणि ओला तसाच पालथा घातला. वर मला बोलावून दाखवलं, "दादा, केवढा काळा झालता बघा, पार पांढरा केलाय." काय बोलणार? त्या बाईंनी त्यासाठी किती जोर लावला असेल ते मला माहीत आहे, कारण तो थर बसवायला मीही तेवढाच लावला होता. साबणाची भीती बाळगू नका, हे मात्र यानिमित्ताने पुन्हा सांगतो. भांडी घासायच्या आजच्या साबणाने मुरलेला लेप जात नाही. जातो तो तारेने, आणि उरलेला ओलं ठेवल्याने. तवा आता वेगळ्या खिळ्यावर, सिंकपासून लांब.

शनिवारी दळण. आईच्या हिशोबात वड्यांना चार वाट्या तांदूळ, वाटीभर उडीद, अर्धी वाटी चणाडाळ, मूठभर गहू, वर धणे, बडीशेप आणि चमचाभर मेथी. गिरणीत श्रावणाआधीची गर्दी. डबा खाली ठेवायच्या आत गिरणीवाला म्हणाला, "मसाल्याचं दळण संध्याकाळी, आता गहू चाललाय." मी म्हटलं, तांदळावर दळा म्हणजे झालं. "तांदूळ संपला की फोन करतो." फोन आला तेव्हा वीज गेली होती. वीज आली तेव्हा तो जेवायला गेला होता. पीठ घरात आलं दिवेलागणीला, गरम, आणि जरा रवाळच. आईने चिमटीत धरून पाहिलं आणि "चलात" म्हणाली. मला हायसं वाटलं.

दरम्यान ओट्यावर दिव्यांचा कारखाना लागलेला. दीप अमावस्या तोंडावर, समया, निरांजनं, लामणदिवा, सगळं पितळ बाहेर. पितळेला चिंच लागते. बिडाला चिंच चालत नाही. हे दोन्ही मला ठाऊक, पण कढईला कसं ठाऊक असणार! ओट्यावर जागा नाही म्हणून चिंचेच्या चोथ्याची वाटी कुणीतरी माझ्या नुकत्याच मुरवलेल्या कढईत ठेवली, आणि ती कलंडली. माझ्या लक्षात येईपर्यंत दोनेक तास गेले असावेत. चोथा उचलला तर खाली वाटीच्या काठाची कोर उमटलेली, करडी, निस्तेज, नख फिरवलं तर बाकीच्या तळापेक्षा वेगळी लागणारी. लेप तिथे पातळ झाला होता. टोमॅटो, कोकम, चिंचेची आमटी यांना बिडाच्या भांड्यात मज्जाव का, ते इतकं स्पष्ट मी याआधी पाहिलं नव्हतं. तेवढ्या जागेवर पुन्हा तेलाचे हात दिले. डाग अजून दिसतो, पण अन्न तिथे चिकटत नाही, आणि मला तेवढं पुरे.

रविवार. कोंबडीचं वाटण सकाळीच झालं, तो माझा प्रांत नाही. मी कढईपाशी. लिटरभर तेल, आणि बारीक आचेवर सावकाश तापवणं. थंड बिडाखाली एकदम मोठी आच देऊ नका, तळ आधी तापतो आणि कडा मागे राहतात, तडा जायचा तो अशाच वेळी. पिठाचा कण टाकून पाहिला. तो खाली बसला आणि लगेच बुडबुड्यांसकट वर आला, म्हणजे तेल तयार. आईने पहिला वडा प्लास्टिकच्या कागदावर थापला, हातावर उलटा घेऊन तेलात सोडला. झाऱ्याने जरासं दाबलं. एका बाजूने बुडबुडा उठला, सरकत सरकत पलीकडे गेला आणि अख्खा वडा टम्म.

फरक जाणवला तो त्यानंतर. स्टीलच्या पातळ कढईत वडा सोडला की तेल निवतं आणि पुढचा सोडायला थांबावं लागतं, नाहीतर तो पुरीसारखा चपटा राहतो, तेल पितो. या कढईत एकामागून एक सोडत गेलो तरी तेल ढळलं नाही. वजनच एवढं आहे की तिने धरलेली उष्णता एका वड्याने काय कमी होणार? उलट बाजूही सांगतो. शेवटच्या घाण्याच्या आधी गॅस बंद केला तरी तेल तापलेलंच, आणि ते वडे ठरवलं होतं त्यापेक्षा गडद निघाले. घाणा संपायच्या बऱ्याच आधी आच उतरवायला हवी. आईच्या मते गडद वडेच चांगले, पण ती त्या दिवशी माझ्या बाजूने होती.

तळण हे सीझनिंगचं सगळ्यात चांगलं साधन, असं जुनी माणसं म्हणतात ते खरंच आहे. आदल्या दिवशी कडेला जो करडेपणा राहिला होता तो तेलाच्या रेषेपर्यंत भरून आला. रेषेच्या वर अजून उणं आहे. तेल मात्र कढईत ठेवू नका. कोमट असतानाच गाळून काढायचं, नाहीतर चिकट थर धरतो आणि खवट वास येतो. मग कागदाने पुसून, थोड्या कोमट पाण्याने धुऊन, परत आचेवर कोरडी करून, तेलाचा नाममात्र हात. रविवारी मावशींची सुट्टी, सिंकमध्ये कुकर, ताटं, वाटणाचं मिक्सरचं भांडं, सगळं वाट बघत पडलेलं, आणि मी कढई पुसतोय. घरातून त्यावर जे बोलणं व्हायचं ते झालं. भांडी शेवटी मीच घासली.

आता श्रावण, त्यामुळे महिनाभर कोंबडी बंद, पण साबुदाणा वडे आणि अळूवड्या आहेत. अळूवडीत चिंच असते, पण तळताना ती पिठात बांधलेली असल्याने कढईला त्रास होऊ नये, असा माझा अंदाज. कुणी बिडात सतत अळूवड्या तळल्या असतील तर लेपाचं काय झालं ते सांगा. तव्यावर पुन्हा काम सुरू केलंय, सध्या त्यावर फक्त तेल सोडून केलेली थालीपिठं. आप्पेपात्र अजून माळ्यावरच आहे. त्याच्या मधल्या खळग्यात गंज खोल गेलेला दिसतो आणि तिथे काथ्या पोचत नाही. टूथब्रश आणि मीठ घेऊन बसायचा विचार आहे, दोरीवरचं धुणं उतरलं की.